खाष्ट सासू, तीन वेळा म्हणा

हॅलो?… हो, मीच. हळू बोल गं, सूनबाई वर खोली बघतेय… हो, सकाळीच आले दोघं. सामान अजून खालीच आहे, तीच तर रड आहे…

बोलते ना, अगदी स्वच्छ बोलते आपली भाषा. माझ्याच पाठांवरून शिकली… अगं, परदेशी लोकांसाठी ऐकायचे पाठ नव्हते का मी लिहिले? तीन वेळा ऐका, तीन वेळा म्हणा… हां, तेच. आवाज दुसऱ्या बाईंचा, शब्द माझे.

मानधन कसलं, नावापुरतं. मला त्यात सासूबाईंचं उट्टं काढायला मिळणार होतं. प्रकाशकही म्हणाले, शब्दांना चव हवी, नाहीतर लक्षात राहत नाहीत. मग काय. आई 'सांगते', सासू 'सुनावते'. आई 'विचारते', सासू 'चौकशा करते'. चाळीस पाठ… हसू नकोस.

सहा महिने रोज भांडी घासताना ऐकलंय तिनं. मी म्हटलं, दमलीस का? तर लेकाला हळूच म्हणते, 'चौकशा सुरू झाल्या.'

कॉफी दिली. साखर किती, म्हटलं, तर कप खाली ठेवला… पाठ नववा. सासू साखरेचे चमचे मोजते… हो, आमच्या म्हातारीनं मोजलेच होते माझे, मी काय खोटं लिहिलं?

खोली रंगवून घेतली, पडदे शिवले. 'पडदे सासूबाईंनी निवडले,' एवढंच म्हणाली, पण कसं म्हणाली ते ऐकायला हवं होतंस. आता चिरंजीव म्हणतात, भाड्यानं जागा बघतो…

सांगितलं ना. ऐक तर. शेवटी कबूल केलं. म्हटलं, बाळ, ते पाठ माझेच, सगळा आगाऊपणा माझा. तर ती म्हणाली, 'तरीच. इतकं बारीक सासूशिवाय कुणाला ठाऊक असणार?'

…हो ना. वाक्य अचूक होतं.

थांब, जिना वाजतोय… अरे, जेवून तरी जा… बॅगा कशाला उचलतोस लगेच?… अरे, पण…

हं. आहे मी… गेले.

सासूबाईंचं काय बिघडलं? त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. प्रकाशकांचे पाठ खपतायत. सूनबाईंना वेगळं घर, लेकाला शांतता. रंगवलेली खोली तेवढी माझ्या वाट्याला… नाही गं, रडत नाहीये. ठेव आता.