मांजराने खाल्लेल्या तीन मात्रा

मुनाफ: परत लाव.

एझरा: तिसऱ्यांदा?

मुनाफ: लाव रे. दुसरं कडवं संपतं तिथपासून. हां. आता ऐक. एक, दोन, तीन, आणि मग धृपद. ह्या मधल्या तीन मात्रा कुठून आल्या?

एझरा: त्या होत्याच. आपल्याकडे नव्हत्या.

मुनाफ: सेहेचाळीस वर्षं मी हे गाणं वाजवतोय, मियाँ. कडवं संपलं की थेट धृपदावर उडी. ती उडी शिकायला मला महिना लागला. ड्रमची काठी हवेतच राहायची.

एझरा: मला सहा आठवडे लागले. तुला आठवत असेल, आपण म्हणायचो, इंग्रज लोक काय डोकं लावतात.

मुनाफ: मग डोकं कोणाचं होतं?

एझरा: मांजराचं.

मुनाफ: कुठल्या मांजराचं?

एझरा: तुमच्याच. तुझ्या मामूने बोटीवरून ती रेकॉर्ड आणली, मोरा बंदरात उतरून थेट तुमच्या घरी आला. आणि शरीफाआपाने ती बोंबलाच्या टोपावर झाकण म्हणून ठेवली.

मुनाफ: मापाची होती म्हणाली.

एझरा: मांजराने ती ढकलली आणि टोपाच्या काठाने तिच्यावर चरा पडला. वास मी साबणाने काढला, चरा कसा काढणार? सुई तिथे आली की उडी मारायची. आपण तेच ऐकलं, तेच शिकलो.

मुनाफ: अल्ला. आपाला सांगू नको हां. बहात्तर वर्षांची झाली, पण चूक कबूल करणार नाही. रेकॉर्ड टोपाच्या मापाची का केली म्हणून इंग्रजांनाच बोलेल. ही कोरी कुठून मिळवलीस?

एझरा: माझा पुतण्या इथन. इस्रायलला, अश्दोदमध्ये जुन्या रेकॉर्डच्या दुकानात त्याला सापडली. दोन वर्षं झाली.

मुनाफ: दोन वर्षं? आणि मला आज ऐकवतोस, विशू रेकॉर्डिंगला पोचायला अर्धा तास राहिला असताना?

एझरा: तुझ्या पोटात गोष्ट अर्ध्या तासाच्या वर राहत नाही.

मुनाफ: म्हणजे पोटात ठेवण्यासारखं काहीतरी आहे.

एझरा: त्याच्या अल्बमचं नाव तुला माहीत आहे.

मुनाफ: 'माझे पहिले गुरू'. तरुणपणी ज्यांना ऐकून शिकला त्यांची दहा गाणी, आता ह्याच्या आवाजात. माहीत नसायला काय झालं? त्यासाठीच तर परवा कॅमेरेवाले माझ्या गोदामात दिवसभर होते. 'जिथे सुरुवात झाली ते गाव'. माझे स्पीकर बाजूला सारून त्यांनी एक मोडकी सायकल उभी केली. सायकल माझी नाही.

एझरा: त्यातलं पाचवं गाणं हे. कुठे शिकलो म्हणून सांगतो?

मुनाफ: लंडनला.

एझरा: म्हणे ऐंशी साली लंडनला गेलो, त्या इंग्रज बँडच्या चौघांतल्या एकाच्या घरी जमिनीवर बसून मूळ रेकॉर्ड ऐकली. माझ्याकडे चौदा मुलाखती आहेत. चौदाही वेळा लंडन. त्यातल्या अकरांत बाहेर पाऊस पडतो, उरलेल्या तिनांत बर्फ.

मुनाफ: आणि 'सॉल्ट पॅन'? आपल्या बँडचं नाव?

एझरा: शून्य. 'पनवेलची काही हौशी मुलं', एकदा.

मुनाफ: थांब, थांब. पण तो तर उडी मारूनच गातो. स्टेडियममध्ये गायला तेव्हाही उडी होती.

एझरा: दर वेळी असते. चांगली रेकॉर्ड ऐकून ती उडी कोणाला शिकता येणार नाही, मुनाफ. ती अख्ख्या जगात एकाच ठिकाणी होती, सिनेगॉगमागे आमच्या खोलीत. तिथे तो रोज संध्याकाळी खाटेवर बसायचा आणि मी त्याला ओळ ओळ शिकवायचो.

मुनाफ: पण इतक्या वर्षांत कुठेतरी ऐकली असेल की. नेटवर सगळं मिळतं.

एझरा: हे मिळत नाही. ते चौघे एक रेकॉर्ड काढून बुडाले, त्यांचं नाव घेणारा आता हाच एक. आणि चाळीस वर्षांत विश्वजीतने दुसऱ्याचं काही ऐकलं असेल तर रिक्षाचा हॉर्न.

मुनाफ: आणि अल्बम निघाला की तू ही बाहेर काढणार.

एझरा: एक आठवडा जाऊ देईन. त्याचे हार, सत्कार होऊ देत. मग मूळ गाणं टाकेन, आणि त्याच्या शेजारी आपल्या बँडची एकोणऐंशीची कॅसेट, उडीसकट. खाली एक अक्षर लिहिणार नाही. लोकांना तीनपर्यंत मोजता येतं.

मुनाफ: तुझ्यासारख्या ऑडिटवाल्याशी दुश्मनी करू नये माणसाने. सहासष्ट वर्षांचा झालास, एझरा. नातवंडांना फिरवायचं सोडून हे. हेप्झिबाला माहीत आहे?

एझरा: बायको आहे माझी. दोन वर्षं एकच रेकॉर्ड वाजतेय घरात, तिला कळणार नाही? म्हणते, करायचं तर कर एकदाचं, मला दुसरं काहीतरी ऐकायचंय.

मुनाफ: अरे, गाणं घेऊन गेला. सगळेच घेतात. आपण इंग्रजांकडून घेतलं, त्याने आपल्याकडून.

एझरा: गाण्याचा राग कधीच नव्हता. गाणी शिकवायलाच बसलो होतो मी. शुक्रवारचा आहे.

मुनाफ: ऑडिशनचा.

एझरा: रेकॉर्ड कंपनीने बोलावलं होतं आपल्या अख्ख्या बँडला, दिवस त्याला ठरवायला सांगितला होता. आठवड्याचे सात दिवस पुढ्यात होते. त्याने शुक्रवारची संध्याकाळ उचलली. आईने शब्बाथचे दिवे लावले की शनिवार संध्याकाळपर्यंत मी गिटारला हात लावत नसे, हे त्याला माहीत नव्हतं? दर शुक्रवारी आमच्याकडे मनुकांचं शरबत प्यायला पहिला हा. आई त्याचा पेला वेगळा ठेवायची, मोठा.

मुनाफ: आणि मला येऊन सांगितलं, एझराने गिटार सोडली, कोणाचं तोंड बघायचं नाही म्हणतो.

एझरा: तू विचारायला आला नाहीस.

मुनाफ: नाही आलो. अकरा महिने नाही आलो.

एझरा: ते तुझ्या खात्यावर आहे. इथे नको मिसळू.

मुनाफ: माझं खातंही आहे का? बरं. ऐक, माझं एक मान. इन्साफ करायचा तर समोरच्याला बोलू द्यावं लागतं. एक मोका दे त्याला.

एझरा: देतो. अल्बमच्या कव्हरवर एक ओळ छापली, की हे गाणं 'सॉल्ट पॅन'कडून शिकलो, तर ही रेकॉर्ड परत कपाटात.

मुनाफ: जबान?

एझरा: लेखी देऊ?

(विश्वजीत आत येतो. ध्वनिमुद्रक काचेपलीकडे बसलेला आहे. माइक अजून बंद आहेत.)

विश्वजीत: काय रे पोरांनो. मुनाफ, ड्रमच्या मागे मावशील ना? एझरा, तू मात्र सेम टू सेम. काय खातोस यार?

एझरा: वापर कमी होता. झीज होत नाही मग.

विश्वजीत: हे, हे मिस केलं मी. पण बॉस, आज गुरुवार सकाळ कशाला? मी उद्या संध्याकाळ म्हणत होतो. लाइट मस्त मिळाला असता, रील निघाली असती.

एझरा: शुक्रवारी संध्याकाळी मी नसतो.

विश्वजीत: क्लास वगैरे असतो का तुझा?

मुनाफ: विशू, तुला खरंच आठवत नाही?

विश्वजीत: काय ते?

एझरा: राहू दे. चहा गार होतोय.

मुनाफ: एक विचारू? कव्हरवर आमचं काय लिहिलंयस?

विश्वजीत: लिहिलंय की. 'साथ: पनवेलचे स्थानिक कलाकार'.

मुनाफ: नाव नाही?

विश्वजीत: डिझाइनवालीने जागाच ठेवली नाही रे. आणि 'स्थानिक कलाकार'मध्ये एक फील आहे. मातीचा.

मुनाफ: त्या लंडनवाल्याचं नाव बसलं जागेत?

विश्वजीत: अरे, तो गुरू आहे. अल्बमचं नावच ते आहे ना.

एझरा: एक ओळ बसव, विश्वजीत. 'हे गाणं मी पनवेलच्या सॉल्ट पॅनकडून शिकलो.' नावं नकोत आमची. बँडचं पुरे.

विश्वजीत: एझरा, आता आपल्यात काय लपवायचं. शिकलो तुझ्याकडूनच. ऐंशी साली माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता.

मुनाफ: हे त्या माइकसमोर बोल. दोन मिनिटांचं काम आहे. कसम, मी तुला बिर्याणी खाऊ घालेन.

विश्वजीत: वेडा आहेस का? लोकांना लंडन ऐकायचं असतं रे. पनवेलचं नाव घेतलं तर काय दिसतं डोळ्यांसमोर? गोव्याची बस दहा मिनिटं थांबते, लोक मुतायला उतरतात, वडापाव घेतात, चढतात. दॅट्स इट. तिथून कोणी काही शिकून येत नाही.

मुनाफ: आम्ही इथेच राहिलो.

विश्वजीत: म्हणून तर म्हणतो. तुमच्यावर राग नाही माझा, रिअ‍ॅलिटी सांगतोय. उलट तुम्हाला बोलावलं ना आज? कंपनी म्हणत होती पोरं घ्या, चटपटीत वाजवतात. मी म्हटलं, नाही, माझे जुने मित्र.

एझरा: आभार.

विश्वजीत: चला, सुरू करू. अच्छा, थांब. एझरा, माइक बंद आहेत तोवर एक विचारतो. हसू नकोस.

एझरा: विचार.

विश्वजीत: दुसरं कडवं संपतं ना, तिथे मला नेहमी कसंतरी होतं. जिना उतरताना पाय टाकावा आणि पायरीच नसावी तसं. इतकी वर्षं गातोय, पण ती पायरी काही सापडत नाही. आता अल्बममध्ये कायमचं जाणार, म्हणून. मूळ रेकॉर्ड तुझ्याकडे होती. त्यात असंच आहे ना?

एझरा: माझ्याकडे जी होती, तिच्यात असंच होतं.

विश्वजीत: नक्की?

एझरा: हजार वेळा ऐकलीय. एकदाही वेगळं ऐकू आलं नाही.

विश्वजीत: मुनाफ, तू सांग. ह्याचा चेहरा वाचता येत नाही, तुझा येतो.

मुनाफ: माझा काय वाचणार, मी स्थानिक कलाकार.

विश्वजीत: सांग ना यार. सीरियसली. दोन मात्रा वाढवून बघू का तिथे?

मुनाफ: विशू, ती उडी म्हणजे तुझी सही आहे. काढलीस तर लोक म्हणतील, गाणं दुसऱ्याचं आहे.

विश्वजीत: करेक्ट. एकदम करेक्ट. म्हणून तुला विचारलं. अपूर्व, माइक चालू कर. मुनाफ, मोज.

मुनाफ: एक, दोन, तीन, चार.

विश्वजीत: हा झाला टेक. एकाच फटक्यात. म्हातारे असून दम आहे तुमच्यात. पॅक अप.

एझरा: आणखी एक घेऊ.

विश्वजीत: कशाला? मस्त झालाय. मला तीन वाजता अंधेरीला पोचायचंय.

एझरा: चार मिनिटांचा प्रश्न आहे. ह्या वेळी डोळे मिटून गा. खोलीत खाटेवर बसून गायचास तसं. कडव्याची शेवटची ओळ लवकर सोड, श्वास आधीच भरून घे, आणि मग बेधडक धृपदावर ये.

विश्वजीत: अजून शिकवतोयस मला. ठीक आहे, गुरुजी. एक शेवटचा.

मुनाफ: एक, दोन, तीन, चार.

विश्वजीत: ओके. हा वेगळाच झाला. हा ठेवायचा, अपूर्व, पहिला पुसून टाक. एझरा, ये इकडे, मिठी मार. आई कशी आहे रे?

एझरा: जाऊन बावीस वर्षं झाली.

विश्वजीत: अरेरे. कळलंच नाही. किती छान शरबत द्यायच्या. चला, निघतो, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. कॉन्टॅक्टमध्ये राहू.

मुनाफ: गेला.

एझरा: गेला.

मुनाफ: शरबत आठवलं त्याला. बघितलंस?

एझरा: ऐकलं. ती वायर गुंडाळ, पायात येईल.

मुनाफ: एझरा, मी आज त्याच्याशी खोटं बोललो. मला वाटलं होतं, घशात अडकेल. नाही अडकलं. बस थांबते म्हणाला, तेव्हाच मोकळं झालं सगळं.

एझरा: मग डोळे का पुसतोयस?

मुनाफ: दुसऱ्या वेळी गायला ना, त्याचं. काय गायला रे. वीस वर्षांचा असताना खाटेवर बसून गायचा, तसाच. मी काठ्या विसरलो क्षणभर. तूही ऐकलं असशीलच. म्हणून त्याला पुन्हा गायला लावलंस, हो ना?

एझरा: नाही. पहिल्यात त्याने नेमका त्या जागी श्वास घेतला होता. उडी झाकली जात होती.