विहाराच्या अंगणातली काच

आता मला सांगा, रिकाम्या बाटलीचा गट्टू केला की माणूस लगेच पुण्यवान होतो का हो? होतो! दुसरबीडात होतो! आमचे भाऊराव झाले ना! रस्त्याकडेला त्यांचा अंगणात बसवायच्या सिमेंटच्या गट्टूंचा कारखाना. कारखाना म्हणजे चार पत्रे, एक मिक्सर आणि एक फलक, अन् फलक कारखान्याहून मोठा. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले, काखेत फाईल, गळ्यात ओळखपत्र. ते ओळखपत्र, तुम्हाला सांगतो, आठवडाभर फक्त आंघोळीपुरतं उतरलं! "काचेचं पीठ करायचं, पाचवा हिस्सा सिमेंट कमी करायचं, तिथं हे पीठ टाकायचं. कचऱ्याचं कल्याण!" खोटं नव्हतं हो. फाईल खरी होती. पण फायलीत दुसऱ्याच ओळीत काय लिहिलं होतं? वस्त्रगाळ! काच सिमेंटइतकी बारीक झाली तरच सिमेंटशी एकजीव होते. नाहीतर काच ती काचच.

बाटल्या दिल्या खामगावच्या निजामभाईंनी. भंगाराचा धंदा, पण माणूस सरळ. म्हणाले, "भाऊ, दळाले टाइम लागते बरं. दिवसभर गिरणी फिरन, तव्हा कुठं पोतंभर निंगन." भाऊराव म्हणतात, "निजामभाई, तुम्ही भंगार पाहा, शास्त्र मी पाह्यतो." आणि कसं पाहिलं? तासाभरात गिरणी बंद! गावच्या बुद्धविहाराच्या अंगणाचं काम अंगावर, आषाढ पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे तीन महिने रोज विहारात वंदना, सुरू होणार, उद्घाटनाचा फलक छापून तयार, त्यावर भाऊरावांचा हसरा फोटो... फोटो थांबतो का वस्त्रगाळासाठी?

त्यांची बायको धम्मशीला. जन्मभर हळद जुन्या लुगड्यातून गाळलेली बाई. चिमूट घेतली, चोळली, बोट झटकलं. "अवो, याले पीठ म्हनता? हा तं ज्वारीचा भरडा हाय! अन् विहारात लोकं अनवाणी येतेत, ध्यानात हाय का?"

"वर सिमेंट राह्यते वं. तुले काय समजते त्यातलं?"

तिला समजत होतं, हेच तर दुखणं! पुढे विहाराच्या लोकांनी विचारलं, "भाऊ, नीट दळली ना?" तर हा गृहस्थ, रोज सायंकाळी हात जोडून पंचशील घेणारा, 'खोटं बोलणार नाही' हे चौथं शील खणखणीत म्हणणारा, छातीवर हात ठेवून म्हणतो काय... "वस्त्रगाळ!"

गट्टू बसले. काय ती हिरवट चकाकी! पण उद्घाटन व्हायचं, म्हणून बाया चपला घालूनच रोज पाणी शिंपडणार, रोज झाडणार. सिमेंट कमी केलेलं, भरडा काही धरून ठेवत नाही, वरचा थर धूळ होऊन झाडूबरोबर निघाला, अन् खालून एकेक कण डोकं वर काढतोय!

पौर्णिमा आली. चपला फाटकाबाहेर. भाऊराव मात्र मंचावर, जाड सतरंजीवर, माइकसमोर. "या अंगणात उद्या लेकरं रांगतील..." तोच खालून "अगं माय!" मग "आय आय आय!" मग रांगच्या रांग एका पायावर, हातात मेणबत्त्या, फुलं, आणि वरून यांचं भाषण चालूच! सर्वांत पुढे जनकाबाई, वय ऐंशी, टाचेतून रक्त. ओरडल्या नाहीत. कण उपटला, तळहातावर ठेवला, मंचापाशी गेल्या.

"भाऊराव, हे काय हाय रे बाप्पा?"

"काच... आजी."

"दळेल हाय का भरडेल?"

माइक चालू. कर्णे गावभर. आणि भाऊरावांचा हात, तुम्हाला सांगतो, सवयीनं छातीवर गेला, अन् तिथून खाली आला!

"...भरडेल."

मग कालवा! "उखडा सारे!" "तक्रार करा!" "फोटो फाडा पह्यले!" जनकाबाईंनी हात वर केला. "उखडून कुठं टाकसान? पुन्हा कचराच ना? वर्षावासाचे तीन महिने हायत. रोज सकाळी, आपन यायच्या आंधी, यानं अंगणभर अनवाणी फिरावं. जिथं टोचन, तिथं बसावं, अन् दगडानं घासावं."

झालं! आश्विन पौर्णिमेपर्यंत भाऊराव रोज सकाळी एक पाऊल टाकायचे, कळवळायचे, गुडघे टेकायचे, घासायचे, उठायचे, पुन्हा पाऊल... अंगण आता तुळतुळीत आहे हो, खुशाल जाऊन पाहा. चार हजार गट्टू. आणि एकूण एक भाऊरावांच्या तळपायांनी तपासलेला!