फिटरचा दर

सन्माननीय अध्यक्ष, आपले मॅनेजरसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आज कारखान्यातून निवृत्त होणारी माझी आत्या आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मघाशी प्रास्ताविकात माझी एक चूक झाली. ‘मंदीने आपल्याकडे बाई-पुरुषांची मजुरी सारखी केली,’ असं मी म्हणाले. टाळ्याही पडल्या. तेव्हापासून खुर्चीत चैन नाही. आमची मजुरी एका पैशानेही वाढली नव्हती. फिटरदादांना पॅकिंगला बसवून आमच्या, म्हणजे मदतनिसांच्या, दरावर आणलं होतं. याला सारखं होणं म्हणायचं का? पुढे ऑर्डरी परत आल्या, त्यांचा दर परत आला. आमचा? तो कुठे गेलाच नव्हता, तर येणार कुठून!

पुठ्ठ्याच्या खोक्यांचं काम मी आत्याकडून घरच्या ओट्यावर शिकले. घडी चुकली की विचारायची, “हे खोकं आहे का उशी?” इथे कामाला लागले आणि पाहिलं, कटिंग यंत्राचा साचा बदलायची तीच, पण शेवटचा स्क्रू सैल ठेवून आपल्या फिटर पैलवानदादांना हाक मारायची. ते येऊन आवळायचे. झालं, साचा फिटरने बसवला!

मी विचारलं, “आत्या, तूच का नाही आवळत?”

“अगं, त्याची मजुरी जाईल आणि माझी वाढणार नाही. दोन घरांचं नुकसान कशाला?”

मागून पैलवानदादा ओरडतायत, “चहा मात्र मी पाजायचो!” पाजायचात, दादा, साखर जास्त घालून! पण तुम्ही पॅकिंगला होतात, तेव्हा सगळे स्क्रू आत्यानेच आवळले. एक तरी साचा हलला?

साहेबांनी आत्ताच जाहीर केलं, आत्याच्या यंत्रावर आता मी. साहेब, मनापासून आभार! आत्या डोळे वटारतेय. ‘सत्कारात भांडण काढू नकोस,’ असं सकाळीच बजावलंय. भांडत नाहीये गं. दादांचं काहीही कमी न करता मला फिटरचा दर हवाय. साचा मी बसवणार, तर दर मदतनिसाचा कसा?

इतकं ऐकून घेतलंत, सगळ्यांची ऋणी आहे. उत्साहाच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर लहान समजून पोटात घाला. आणि साहेब, येत्या सोमवारी, सतरा तारखेला, पाळीची घंटा होण्याआधी मी तुमच्या केबिनमध्ये येते. दर ठरला की मगच यंत्राला हात लावीन.