त्रेसष्ट सह्या आणि एक अंगठा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या विभागाचे मोठे साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले सुरक्षा-प्रशिक्षण अधिकारी सर, सरांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, जलशुद्धीकरण केंद्रातले माझे सगळे सोबती, आणि बिस्किटांच्या ताटाजवळची खुर्ची सकाळपासून धरून ठेवलेले स्टोअरकीपर काका,

आधी एक कबुली देतो. हे भाषण लिहायला मला तीन आठवडे मिळाले होते. लिहिलं ते आज सकाळी, पंपाच्या खोलीत पालथ्या बादलीवर बसून. रोज कागद पुढे घ्यायचो आणि रोज दुसरंच काहीतरी निघायचं. एकदा पेनाचं टोपण सापडेना म्हणून अख्खी दुपार शोधलं. टोपण खिशात. माझं असंच आहे. नववीत दोनदा बसलो, मग बेकरी, मग पाट्या रंगवायचं दुकान, मग एका फिरत्या जादूगाराच्या तंबूवर तिकिटं फाडली. त्याच्या बाई कापायच्या पेटीची एक गंमत आहे, तिला खालून... जाऊ दे. सर घड्याळाकडे बघतायत. बघणारच, आत्ताच भेट म्हणून मिळालंय.

तर सर. सरांबद्दल काय बोलावं? आपलं केंद्र सलग सहा वर्षं 'शंभर टक्के प्रशिक्षित' ठरलं, ते सरांमुळे. सरांच्या केबिनमधली सहा सन्मानचिन्हं तुम्ही पाहिलीच असतील. नसतील तर आज पाहून घ्या, उद्या ती घरी जाणार. वहिनी, पुसायला मऊ कापड घ्या.

पण शंभर टक्के म्हणजे काय हो? पाहुण्यांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. सर यायचे. चहा व्हायचा. एकच मुखवटा होता, विषारी वायूपासून वाचवणारा. तो प्लास्टिकच्या पिशवीतून न काढता, पिशवीसकट आम्ही हाताशी असलेले चार-पाच जण तोंडासमोर धरायचो आणि फोटो निघायचा. "पिशवी फाडू नका रे, तपासणीला नवा दिसला पाहिजे," असं सर म्हणायचे. मग मुखवटा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली सरांच्या खिशात. आणि वही माझ्याकडे.

का, तर पाट्या रंगवल्यामुळे माझं अक्षर बरं. मी इथे हंगामी लिहिणारा. पहिल्याच महिन्यात सरांनी खांद्यावर हात ठेवला. "एवढी माणसं कामावरून कुठे बोलवायची? तूच टाक सगळ्यांच्या सह्या. कागद पूर्ण तर माणूस सुरक्षित."

त्रेसष्ट सह्या केल्या. खोटं कशाला बोलू, मजा आली. वीजवाल्या दादांची डावीकडे झुकलेली, स्टोअरकीपर काकांची शेपटीवाली. हसू नका काका, तुमची खरी सही त्याहून वाईट आहे. आणि सगळ्यांत सुंदर केली ती पंपवाल्या मामांची. मामांवर माझा जीव. आल्या दिवशी इथे मला कुणी बसायला सांगितलं नव्हतं, मामांनी स्वतःची बादली उलटी करून दिली. म्हणून त्यांचं नाव मी सावकाश काढलं. शेवटच्या अक्षराखाली एक लांब रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

आता मामांचा विषय निघालाच आहे. सर, अस्वस्थ होऊ नका, तुमचं कौतुक मी विसरलेलो नाही.

पाणी शुद्ध करायला आपण क्लोरीन वापरतो. तो हवेपेक्षा जड. गळाला की जमिनीलगत साचतो. अशा वेळी उंचावर जायचं आणि वारा येतो त्या बाजूला जायचं. सरांच्या पुस्तिकेत पान चारवर आहे. मी ते पान वाचलं अपघातानंतर.

मामांनी कुठून वाचावं? मामांना वाचताच येत नाही. एकवीस वर्षं त्यांनी प्रत्येक कागदावर अंगठा उठवला. हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं. मलाही. सह्यांच्या नादात ते माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं.

ज्या दिवशी क्लोरीनच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळला, त्या दिवशी सर परगावी सहावं सन्मानचिन्ह घेत होते. किल्ली त्यांच्या खिशात. दादांनी कपाट फोडलं तोवर उशीर झाला होता. आणि मामांनी काय केलं? त्यांना आयुष्यात खरं प्रशिक्षण एकच मिळालं होतं, आग विझवणाऱ्यांनी दिलेलं. धूर दिसला की खाली बसा, नाक जमिनीजवळ ठेवा, रांगत बाहेर या. मामा आज्ञाधारक माणूस. हिरवट धूर दिसला, ते खाली बसले. दारापर्यंत रांगत आले. नाक जमिनीजवळ ठेवून.

हल्ली मामा चार शब्द बोलतात आणि थांबतात. पाचव्या शब्दाची आपण वाट बघायची.

चौकशीला सरच बसले. मजकूर लिहून घ्यायला मी. सरांनी वही मामांपुढे सरकवली, बोट ठेवलं. "हे तुमचं नाव. ही सही तुमचीच ना?"

मामा वाकून बघत राहिले. मी मान खाली घातली.

"माझीच," मामा म्हणाले.

मी लिहिलं, 'होय, सही माझीच.' त्याच अक्षरात, त्याच पेनाने. खाली मामांची सही हवी होती. सर म्हणाले, "हात थरथरतोय त्यांचा, अंगठा घ्या." घेतला. निकाल लागला, 'प्रशिक्षण घेऊनही निष्काळजीपणा.' नोकरी गेली. दवाखान्याचं कार्ड बंद. महिनाअखेर क्वार्टर सोडायचं.

त्या दिवशी जिन्यात मी विचारलं, "मामा, खोटं का बोललात?"

"अरे, सगळ्यांसमोर... अंगठाच उठवत आलो. आज पहिल्यांदा... माझं नाव एवढं देखणं... दिसलं. चारचौघांत माझं नाही... असं कसं म्हणू?" मग दम खाऊन म्हणाले, "कुणी काढलं रे?"

मी म्हणालो, "काय माहीत."

भटकण्यात बरंच खोटं बोललोय मी, पण ते दोन शब्द अजून घशात आहेत. परवा मामांच्या दारात जाऊन खरं सांगून आलो. मामा उठले आणि आतल्या खोलीत गेले. मामी म्हणाल्या, "आम्ही क्वार्टर सोडू रे. यांचा श्वास कुठल्या दवाखान्यात नेऊ ते सांग. आणि पुन्हा येऊ नकोस."

आता टेबलावरचं हे मानपत्र. 'आपले ऋणी सहकारी', खाली जागा त्रेसष्ट. सर, परवा तुम्हीच म्हणालात, "टाक तूच सगळ्यांच्या. पंपवाल्याचीही टाक, जाताना कटुता नको." बासष्ट टाकल्यात. सोबत्यांनो, तुम्ही सरांचे किती ऋणी आहात ते घरी जाण्याआधी वाचून घ्या. एक जागा मोकळी ठेवलीय, शेजारी शाईचा पॅडही आणून ठेवलाय.

अध्यक्ष साहेब, मामांचं अपील सोमवारी तुमच्यापुढे येतंय. त्या फाइलीत पान अकरावर एका माणसाची सही आहे आणि पान चाळीसवर त्याच माणसाचा अंगठा. मधल्या अठ्ठावीस पानांत कुणालाही काही वाटलं नाही. पान अकरा माझं आहे. मला काढा, पोलिसांत द्या, मी तसाही कुठे फार टिकत नाही. पण हे चारचौघांत सांगतोय, लिहून घ्या. यावेळी दुसऱ्या कुणालातरी लिहू द्या.

सरांना उरलेलं आयुष्य निवांत जावो. भरपूर, मोकळा श्वास मिळो.

तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात चुकलं ते मात्र पोटात घालू नका.

काय हो, चौकीदार भाऊ? मोठ्याने बोला, इथे सगळे आपलेच आहेत. खाली कोण आलंय? पाहुण्यांच्या यादीत नाव नाही?

नसणारच.

साहेब, पंपवाले मामा आलेत. मामींना धरून जिना चढतायत. बावीस पायऱ्या आहेत, तीन चढल्या की बसावं लागतं. सर, बसा. निघू नका, जिना अरुंद आहे, वाटेत तेच भेटतील.

वहिनी, तो शाईचा पॅड जरा इकडे सरकवता?