पालखीपुढचं गाणं

ठमाबाई : ती पिशवी ठेव आधी खाली. पदर घे डोक्यावरनं. पालखी सोमाच्या अंगणात नाचतेय, म्हंजे मधी तीनच घरं ऱ्हायली.

आवडी : पिशवी राहू दे आई माझ्याजवळ.

ठमाबाई : काय सोनं हाय तिच्यात? तीन वर्सांनी शिमग्याला घरी आलीस, ती पण चोरासारखी. तोंडाला ओढणी, नि मागच्या दारानं.

आवडी : ओढणी सोडली असती तर महाडच्या स्टँडवरच लोकांनी सेल्फीला धरलं असतं. सयाजीकाकांच्या रिक्षात बसेपर्यंत जीव मुठीत होता माझा.

ठमाबाई : बरंच झालं म्हणा. वाडीत कुणाला ठाव नाय. पालखी दारात टेकंल नि तू बाहेर येशील, तवा बायांची तोंडं बघायची हायत मला. "ठमे, तुझी लेक टीव्हीवर लोकांच्या आयांना मिठ्या मारते, तुझ्याकडं का गो येत नाय?" तीन सालं ऐकतेय.

आवडी : आई, तू भात का सोडलास?

ठमाबाई : कुणी सांगितलं?

आवडी : काकांनी. माघापासून नुसत्या नाचणीच्या भाकरीवर आहेस म्हणे. विहिरीपाशी चक्कर येऊन पडलीस.

ठमाबाई : त्या सयाजीच्या तोंडात तीळ भिजंल तर शप्पथ. आज सुटणार हाय माझा भात. चुलीवर टाकलाय बघ. तुझं गाणं झालं की पयला घास देवीला, दुसरा मला.

आवडी : आणि गाणं झालंच नाही तर?

ठमाबाई : आजच्या दिवशी असं बोलू नको. तू आत होतीस त्या आयसीयूत. डॉक्टर म्हणाला, गळ्यातली गाठ काढलेय, पण पुढचं आमच्या हातात नाय. मी तिथंच जिन्यात बसले नि देवीला बोलले, पोर जगव, तुझ्या पालखीपुढं गायला आणते. तिनं जगवली. तिनं तिचं केलं. आपलं ऱ्हायलंय.

आवडी : माहितेय मला.

ठमाबाई : काय म्हाईत हाय? दर शिमग्याला गुरव ह्या दारात उभा ऱ्हातो नि गाऱ्हाण्यात म्हणतो, "ठमाबाईच्या लेकीचं गाणं अजून यायचं हाय, म्हाराजा!" समदा गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा!" नि मी आपली जमिनीकडं बघते.

आवडी : लोकांना सांगितलंसच कशाला? नवस मनात ठेवायचा.

ठमाबाई : मनातलं माणूस इसरतं. चारचौघांत बोललेलं कुणी इसरू देत नाय. नि तुला गाणं काय जड हाय गो? आठवीत शाळेत गायलीस शिवथरला, माइक बंद पडला तरी नदीपल्याड ऐकू गेलं. मग मुंबईला काकीकडं ऱ्हायलीस, तो आल्बम निघाला, दुबईला जाऊन आलीस, चमचमते कपडे घालून पोस्टरावर उभी ऱ्हायलीस. आवडीची अनुष्का झालीस, मी कधी काय बोलले? आता दिवाळीला टीव्हीवर गायलीस, समदी वाडी सयाजीच्या ओटीवर बसून बघत होती. हजार माणसांत गातेस नि देवीपुढं लाज वाटते?

आवडी : लाज नाही गं.

ठमाबाई : मग काय? आमची माती लागते तुझ्या पायाला?

आवडी : दिवाळीला मी गायलेच नव्हते, आई.

ठमाबाई : ह्या डोळ्यांनी बघितलं मी.

आवडी : ओठ बघितलेस. गाणं ऑपरेशनच्या आधीचं होतं. ते मागून लावतात, मी समोर ओठ हलवते. गाठ काढताना गळ्यातली एक नस गेली. बोलता येतं, गाता येत नाही. नाहीतर मी गाणं सोडून लोकांच्या मुलाखती घेत कशाला बसले असते? "काय छान घोगरा आवाज आहे," म्हणतात सगळे. चॅनेलनं सही घेतलीय, बाहेर कुठं बोलायचं नाही.

ठमाबाई : आयशीजवळ पण नाय?

आवडी : किती वेळा फोन लावला तुला सांगायला. दर वेळी तूच आधी विचारायचीस, "शिमग्याला येतेस ना?" मग मी "बघते" म्हणून फोन ठेवायचे.

ठमाबाई : खोटं बोलतेस. गायचं नाय म्हणून सोंग करतेस.

आवडी : मग ऐक.

(ती जुन्या गाण्याची पहिली ओळ धरते. दुसऱ्या शब्दाला आवाज फाटतो, मग नुसती हवा येते.)

ठमाबाई : बस. बस गो बाय. पाणी पी.

आवडी : रोज सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून करून बघते. रोज तिथंच अडतं.

ठमाबाई : वरंधला एक झाडपाल्याचं औषध देणारा हाय…

आवडी : चार डॉक्टर झाले. आता आवाज येणार नाही.

ठमाबाई : मग आज आलीस कशाला?

आवडी : तू जेवावंस म्हणून. ह्या पिशवीत स्पीकर आहे, मुठीएवढा. ओटीच्या खणाखाली ठेवते. जुनं गाणं लागेल, मी ओठ हलवते. बाहेर ढोल असतात, कुणाला कळायचं नाही. मला सवय आहे.

ठमाबाई : माणसांना नाय कळणार. पालखीत जी बसलेय तिला?

आवडी : तिला काय सांगू तेच मला कळत नाही! तिनं जीव राखला, आणि तू जे कबूल केलंस तेच त्यात गेलं. मी कुठून आणू? तू गा ना माझ्याऐवजी.

ठमाबाई : नाव तुझं घेतलंय मी.

आवडी : मग मीच गाते. फाटला तर फाटला.

ठमाबाई : भर अंगणात? पन्नास मोबाईल वर व्हतील. उद्या समद्या मुलखाला कळंल. तुझी नोकरी?

आवडी : जाईल. जाऊ दे.

ठमाबाई : नको. आपण तडकलेला नारळ पण देवीपुढं ठेवत नाय. तिनं म्हटलं, हे माझं नव्हं, तर? आवडे, लोकांचं काय नाय गो. बोललेलं फिटलं नाय तर देवी दिलेलं परत नेते. तुझा फोन लागला नाय की वाईटच येतं मनात. टीव्ही लावते, तू हसताना दिसलीस की म्हणते, चला, आजचा दिस दिला.

आवडी : ह्यासाठी बोलवत होतीस? मला वाटायचं, गावात मिरवायला.

ठमाबाई : मिरवायचं पण व्हतं. खोटं कशाला बोलू?

सयाजी : वयनी! ओ वयनी, मागचं दार उघडा, मी सयाजी! चला लवकर, पालखी रामाच्या दारात आली. गुरवाच्या कानात सांगू का, लेक आलेय म्हणून?

ठमाबाई : (मागचं दार उघडून) अजून कुणाला बोललास?

सयाजी : आयशप्पथ, कुणाला नाय. तुमीच म्हणालाव, सरप्राईज द्यायचं.

ठमाबाई : मग सांगू नको. मी एकटी येते ओटी घेऊन. गुरवाला म्हण, ठमाबाईची लेक ह्या साली पण आली नाय.

सयाजी : आँ? मी स्वतः आणली की हिला! ही काय बसलेय समोर!

आवडी : आई, माझा स्पीकर लबाडी, आणि हे काय मग?

ठमाबाई : ही माझी लबाडी. भोवली तर मला भोवंल. तू आलीच नायस, तर बोललेलं मोडलं असं व्हत नाय. नुसतं लांबलं.

सयाजी : नि पुढच्या साली काय करायचं, वयनी?

ठमाबाई : पुढच्या साली पण नाय येणार ती.

आवडी : म्हणजे मी घरी यायचंच नाही?

ठमाबाई : गणपतीला ये. मे महिन्यात ये. शिमग्याला कधीच नको. मी हाय तवर लांबवीन. पुढचं मला नाय कळत.

सयाजी : वयनी, ढोल वळला इकडं.

आवडी : आणि तुझा भात?

ठमाबाई : मला कुठला आता? तू खा तो, गरम हाय. सयाजी, तू हो पुढं. मी मधलं दार वढून घेते.

आवडी : थांब ना आई, दार नको लावू! मला निदान फटीतून पालखी तरी—

ठमाबाई : हळू बोल गो. तुझा आवाज वळखतात समदी.