दादांनी वाचवलेली इमारत

बागेतली जुनी, बंद पडलेली इमारत उघडण्यात सगळ्यात मोठा फायदा सुतारांच्या बायकोचा होता. निवृत्त नवरा आणि त्याचं पत्त्यांचं टोळकं दिवसभर तिकडे जाणार, आणि घर मोकळं होणार. दवाखान्याच्या रांगेत तिची नणंद त्या इमारतीचंच विचारत होती.

“झाली का दुरुस्ती, वहिनी?”

“झाली की, वन्सं. तुमच्या दादांनी एकेक फळी हातानं तासली. लाकडी जमीन नुसती आरसा!”

“मग लोक येतात?”

“आले होते. एकानं खुर्ची ओढली, चरा यांच्या काळजावर उठला. खुर्च्या बंद.”

“खाली बसायचं मग.”

“बसले. चहा सांडला. चहा बंद.”

“आणि पत्ते?”

“पत्ते चालतात, पण आत नाही. किल्ली बागेच्या समितीनं यांच्याकडेच दिलीय.”

“अगं बाई! म्हणजे आत कुणीच नाही?”

“हे जातात ना रोज. अनवाणी. पुसून येतात.”

“मग टोळकं बसतं कुठे?”

“आमच्या बाहेरच्या खोलीत. आमच्या फरशीला काही होत नाही म्हणे.”

“आणि तुम्ही?”

“मी बागेत जाऊन बसते. बाकावर.”