दोन रांगांचं भजन

न्हाई सुभेदार, मशीन बिघडल्यालं न्हाई. परत सांगतु — न्हाई बिघडल्यालं. तुमी आदी बसा. तिकडं नगं, हिकडं या, माझ्या उजव्या अंगाला. तिकडं स्टँडवरच्या गाड्यांचा लय कालवा असतुय. आन् सांगलीच्या दुकानात न्यायची भाषा मला करू नका. न्या की! ते काय करनार? आवाज वाढवायचं एक सॉफ्टवेअर टाकनार, बूस्टर म्हनून, आन् तुमी खूश — दन्नदन्न वाजतंय म्हनून. मी टाकत न्हाई तसलं. भाईर पाटी लावलीय तशी. 'आवाज फुगवून मिळनार न्हाई.' अख्खं पलूस हसतंय त्या पाटीला. हसू द्या.

मी कुनाशी जास्त बोलत न्हाई, तुमाला म्हाईत हाय. पर आज बोलतु. काय काय केलं मी तुमच्या कंप्युटरला, ते आयका. तुमची भजनं मोबाईलवरनं ह्येनं त्येला, त्येनं तुमाला, अशी फिरत आल्याली — दर खेपंला आवाज झिजतु, साबनाच्या वडीगत. मी म्हनलं, अंकितातैला पुन्याला फोन लावा, लेक हाय तुमची, तिनंच रेकॉर्डिंग केलंय, तिच्याकडनं मूळ फाईल मागवा. मागवली का न्हाई? मग कंप्युटर स्वताच्या मनानं आवाज घुमवतु, सजवतु, ते समदं बंद केलं. कंप्युटरचा आवाज वर ठेवायचा आन् कमीजास्त करायचा तो स्पीकरच्या बटनावरनं, ह्ये शिकवलं. कंप्युटरच्या पुढच्या भोकात पिन घातली की गुनगुन येती, म्हनून ही आवाजाची भाईरची डबी जोडली. स्पीकर कपाटावर व्हते, ते खाली कानाच्या उंचीला घेतले. तुमच्या खुर्चीपासनं दोन्हीकडं सारकं अंतर पायजे, म्हनून सुतळीनं मापलं — तवा शालूकाकी म्हनल्या, 'काय रं, घरात भिंत घालतुयस का आमच्या?' एवढं कोन करतंय सांगा. सांगा की! कोन न्हाई करत.

आन् तरीबी तुमचं आपलं एकच — दोन्ही रांगा एकावर एक बसल्यात. कशा बसतील? मला कळतंय की भजन. समोरासमोर दोन रांगा, एकीनं म्हनायचं, दुसरीनं झेलायचं. अंकितातैनं दोन रांगांम्होरं दोन माईक ठेवल्याले. उजवीकडं तुमी, डावीकडं आकारामतात्या आन् त्यांची मानसं. परवा तात्यांचं वर्षश्राद्ध, समद्या भावकीम्होरं ह्येच लावायचंय, तुमच्या थोरल्या भावाचा आवाज त्याच्या जाग्यावरनं आला पायजे — समदं ध्यानात हाय माझ्या. आन् ते गंडलं तर भजनी मंडळी परत मला कशाला हाक मारंल साउंडला, ते बी ध्यानात हाय. म्हनून तर तीनतीनदा बघितलं. ह्यो हेडफोन लावून बघितलं. दोन्ही रांगा येत्यात, सोच्छ येत्यात, ह्या कानाला लावून — म्हंजे — दोन्ही. दोन्ही कानांनी.

असं का बघताय?

आवं, एखाद्याला सवय असती एका बाजूला कान द्यायची. मी काय आडानी म्हनून कायबी करतु वाटलं का? नववीत सोडली शाळा, खरं हाय. माझा चुलता धुळा म्हसवडच्या माळाला मेंढरं राखायचा, मला मेंढरं नकु व्हती, म्हनून डीजेच्या ट्रॉलीवर गेलो. तीन वर्सं. तितंच शिकलो समदं. मिक्सरचं टेबल स्पीकरच्या बॉक्साच्या उजव्या अंगाला, म्हंजे बॉक्स माझ्या डाव्या कानाला चिकटून — गनपती, लग्नं, वाढदिवस, समदं ह्या कानावरनं गेलं. मग एक दिवस फोनचा आवाज यीना. म्हनलं स्पीकर गेला. बदलला. तरी यीना. परत बदलला. दोन स्पीकर बदलले सुभेदार, आन् मग चुकून फोन ह्या दुसऱ्या कानाला लागला.

ऱ्हाऊ द्या. झालं बोलून. आता तोंडातनं गेलंय ते काय परत येत न्हाई. व्हय, डावा कान मेलाय माझा. आत नुसती शिट्टी वाजती, दिसरात. मग? उजवा हाय की! डोळं मिटून सांगतु कुठल्या स्पीकरचा कागद फाटलाय. दोन कानांच्या सांगलीवाल्याला सांगा म्हनावं. एका कानावर मी काय कमी ऐकतु? माझ्या मशीनवर तर मी एक बटन चालूच ठेवलंय, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून दोन्हीकडं सोडायचं, म्हंजे डाव्या अंगाचं कायबी सुटत न्हाई माझं. पयलं तेच करतु, कुठलंबी मशीन हातात आलं की, ते बटन —

...

थांबा. जरा थांबा. उठू नका.

ह्ये बघा. चालूच हाय. तुमच्यातबी चालू हाय. मीच केलंय, हात आपसूक जातु तितं. आवं, म्हनून तर दोन्ही रांगा मधी येऊन बसल्यात! तुमी बरोबर व्हता आन् मी सकाळधरनं तुमालाच येड्यात काढतुय. आन् तुमचं एक काय — पलूसातनं, तासगावातनं, कुनाकुनाची मशीनं आली माझ्याकडं, समदी मी एका कानाची करून धाडली. आन् कुनी चकार शब्द बोललं न्हाई. तुमी पयलं.

मला कीव नगं. तसल्या नजरंनं बघू नका, डीजेवर तीन वर्सं माझ्याच हौसंनं उभा व्हतो, कुनी बांधलं नव्हतं. जाऊन सांगायचं तर सांगा मंडळीत, भैऱ्याकडं साउंड दिला म्हनून. मी दुकान उघडंच ठेवनार. समद्यांची मशीनं परत मागवून घेनार आन् ते बटन बंद करनार, एकेक. तोंडावर सांगनार, माझी चूक हाय म्हनून. आन् परवा तुमच्या दारात स्पीकर मीच मांडनार, सुतळी घिऊन. नगं म्हनला तरी येनार.

घ्या, बंद केलं बटन. लावा हेडफोन. त्यो डाव्याचा डाव्यालाच लावा. लावतु भजन. ... आलं? तुमची रांग म्हनती आदी — आता तात्यांची रांग झेलंल —

मान का वळवली, सुभेदार? भिंत हाय की तिकडं नुसती.

न्हाई, हेडफोन मला देऊ नका. मला ती रांग आता आयकू यायची न्हाई. तुमीच आयका. न्हाईतर असं करा, घरी न्या ह्ये, घरी जाऊन आयका. वायर गुंडाळून देतु. उचला. सावकाश — हिकडनं धरा. आन् जावा आता.